छोटी गाडी, मोठी हौस

काही जणांना गाडी कुठेतरी पोहोचण्यासाठी हवी असते, तर काहींना ती चालवण्यासाठीच हवी असते. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल, तर आजचा लेख तुमच्यासाठी. घरात असा कोणी असेल, तर त्यालाही वाचायला द्या.

हौशी मंडळींच्या दोन लाडक्या छोट्या गाड्या पुणे जिल्ह्यात तयार झाल्या. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरची ऑटोमॅटिक डीएसजी. २०१५ मध्ये रांजणगावहून अबार्थ पुंटो आली, तीही १४५ पीएसची. दोन्ही चार मीटरच्या आतल्या. आता दोन्ही बंद झाल्या आहेत, पण म्हैसूरच्या रस्त्यावर एखादी जपलेली पोलो जीटी दिसली की ओळखणारे अजूनही मान वळवतात.

अशा गाडीची मजा कशात आहे? बहुतेक जण म्हणतील, वेगात. म्हैसूरकरांच्या दाराशी तर २०२३ पासून बंगळुरूला जाणारा ११८ किलोमीटरचा नवा महामार्ग आहे. तिथे गाड्यांना ताशी १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरेही आहेत. तरी १४० चा मोह होतोच.

जरा हिशेब करू या. ११८ किलोमीटर सलग १०० ने गेलात तर ७१ मिनिटं लागतात, १४० ने गेलात तर ५१. म्हणजे वाचली फार तर २० मिनिटं, आणि तीही बंगळुरूच्या पहिल्या कोंडीत संपतात. आता दुसरी बाजू पाहा. अचानक काही आडवं आलं, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असतानाही १०० च्या वेगात गाडी थांबायला साधारण ७५ ते ८० मीटर लागतात. १४० ला हेच अंतर १३० मीटरच्या पुढे जातं. हे जास्तीचे ५० मीटर कोणत्याही इंजिनाला परत मिळवता येत नाहीत.

खरी मजा वळणात आहे. सकाळी लवकर चामुंडी टेकडीचा रस्ता धरा. पोलोचं टर्बो इंजिन १,५०० फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देतं. त्यामुळे ताशी ४० च्या वेगातही गाडी चढावर हसत चढते. वळणाच्या आधी वेग कमी करा, नजर वळण संपतं तिथे ठेवा, स्टीअरिंग सावकाश फिरवा आणि रस्ता सरळ होऊ लागला की मगच अ‍ॅक्सिलरेटर द्या. आपली बाजू सोडायची नाही, पायी जाणाऱ्या भाविकांना आधी वाट द्यायची. उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.

दसऱ्याच्या गर्दीत डीएसजीवाल्यांनी इंच-इंच सरकू नये. पुढे थोडी मोकळी जागा होऊ द्या, मग गाडी हलवा. या गिअरबॉक्सचा क्लच कोरडा असतो, सतत घासला की तापतो आणि लवकर झिजतो. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासा. मोठी चाकं किंवा वाढीव ताकदीची चिप बसवण्याआधी चांगले टायर आणि नवे ब्रेक पॅड घ्या.

तरीही हात शिवशिवत असतील, तर कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. गाडीची पूर्ण ताकद पाहण्याची जागा ती.

रस्त्यावर मात्र एकच परीक्षा पुरे. टेकडीवरून उतरताना मागच्या सीटवरच्या आजीला डुलकी लागली, तर समजा, तुम्हाला गाडी चालवता येते.