धार तपासायची कुणी?

मागच्या बकरीदला आमच्या गल्लीत एक बोकड हवा तेवढ्या लवकर सुटला नाही. कापणारा नवखा नव्हता. अल्लाहचे नाव घेतले होते, तोंड किब्ल्याकडे होते, बाकी सगळे रीतसर. सुरी मात्र दोन दिवसांपूर्वी बाजारातून आणलेली, चकचकीत, प्लास्टिकच्या पाकिटातून त्याच सकाळी काढलेली. पहिल्या ओढीला ती केसांवरूनच घसरली. पुढचे लिहीत नाही. लहान पोरांना आत पाठवले, आणि कुणीतरी म्हणाले, "हो जाता है कभी कभी."

ते वाक्य वर्षभर डोक्यातून गेले नाही. त्याच काळात मला एक विचित्र नाद लागला. अमेरिकेत सुरीने कापण्याच्या स्पर्धा होतात, त्यांचे व्हिडिओ बघण्याचा. नाव ऐकून मारामारी डोळ्यांपुढे येईल, पण तिथे माणूस माणसासमोर उभा राहत नाही. समोर असतो लाकडाचा वासा, वरून टांगलेला एक इंच जाडीचा दोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या, पिंगपाँगचा चेंडू, शीतपेयाच्या नळ्यांची उभी रांग. घड्याळ चालू असते आणि सुरी एकच. मध्ये थांबून धार लावायची नाही. ब्लेडस्पोर्ट्स नावाच्या संघटनेने या खेळाला नियम घालून दिले: पाते १० इंचांहून लांब नको, २ इंचांहून रुंद नको, मुठीसकट एकूण लांबी १५ इंचांच्या आत. मुठीला दोरीचा फास हवाच, म्हणजे हात घसरला तरी सुरी प्रेक्षकांत जाणार नाही. सुरक्षेचे शिक्षण घेतल्याशिवाय कुणाला मैदानात उतरता येत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवले त्या टांगलेल्या दोराने. दोर वर बांधलेला, खाली मोकळा. आपण घरात जे काही कापतो त्याला खालून पाटाचा आधार असतो, म्हणून बोथट सुरीही दाबून काम भागवते. लटकत्या दोराला आधार नाही. धार कमी असेल तर सुरी दोराला ढकलते, दोर झोका घेतो आणि तुमचे हसे होते. नळ्यांचेही तेच. तिथे ताकद काही कामाची नाही, धार आणि वेग एवढेच चालते. बोथटपणा लपवायला जागाच ठेवलेली नाही.

आता सुरी बनवणाऱ्याची पंचाईत बघा. वासा तोडायचा तर पाते वजनदार हवे, धारेमागे थोडे मांस हवे, नाहीतर गाठीवर आपटून धार वळते किंवा तिचा तुकडा उडतो. नळी कापायची तर धार कागदासारखी पातळ हवी. एकच सुरी आधी कुऱ्हाडीचे काम करणार आणि लगेच वस्तऱ्याचे. यातून वाट काढायची म्हणजे पाठ जाड ठेवून पाते धारेकडे बारीक उतरवत न्यायचे, आणि पोलाद असे निवडायचे की पातळ धारही वळू नये. या खेळात सीपीएम एम४ नावाचे पोलाद फार चालते. पावडरपासून बनवलेले, टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असलेले, मूळ यंत्रांच्या हत्यारांसाठी काढलेले. ते गंजते, त्याला तेल लावून जपावे लागते. रॉकवेल मापावर त्याची कठिणता ६२ ते ६४पर्यंत नेतात. त्यासाठी ते ११०० अंश सेल्सियसच्या वर तापवून झटक्यात थंड करतात आणि मग ५०० अंशांच्या वर पुन्हा पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. आपला लोहार विळ्याला पाणी पाजतो, त्याचीच ही मोजूनमापून केलेली आवृत्ती. मूठ शेवटाकडे रुंद होत जाते, घामाने ओला हात मागे सरकू नये म्हणून. दिसायला या सुऱ्या कुरूप असतात. राखाडी पट्टी, ना नक्षी ना चमक.

गेल ब्रॅडली आणि डॅन केफेलर ही या खेळातली मोठी नावे. दोघेही सुऱ्या स्वतः बनवतात आणि स्वतःच कापतात. मला हे महत्त्वाचे वाटते. नळ्यांसमोर सुरी अडली तर दोष दुकानदारावर टाकता येत नाही.

खेळाच्या बाहेरही ही शिस्त आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी १९७६ साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या परीक्षेत उमेदवाराने आपल्याच सुरीने टांगलेला एक इंची दोर एका वारात तोडायचा, मग दोन बाय चारचा वासा दोनदा तोडायचा, आणि त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे. शेवटी पाते शिकंजात धरून ९० अंशांत वाकवायचे. तुटले तर नापास. म्हणजे उत्तम सुरी बनवायची आणि ती खरेच उत्तम होती हे दाखवण्यासाठी वाकवून संपवायची. तिथले बरेच लोहार ५१६० जातीचे पोलाद वापरतात. ते गाड्यांच्या कमानपाट्याचे पोलाद. आपल्याकडचे लोहार भंगारातल्या ट्रकच्या पाट्यापासून जुने जाड सुरे बनवतात, त्याच घराण्यातले. तेव्हा आपल्याकडे माल नाही असे कुणी म्हणू नये.

यात पोरखेळ नाही असे मी म्हणणार नाही. बाटल्या उडवणे हा तमाशा आहे, आणि त्या मैदानासाठी बनवलेली सुरी घरात कांदा चिरायलाही अवघड. पण एक गोष्ट त्यांनी केली. धार ही मताची बाब राहू दिली नाही.

आपल्याकडे तर तो हुकूम आहे. सहीह मुस्लिममध्ये शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बहुतेकांनी बकरीदच्या आधीच्या जुम्म्याला ऐकलेली असते. प्रत्येक कामात इहसान, आणि जबिहा करताना सुरीला धार लावून जनावराचा त्रास वाचवणे. धारेचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे, ओढूनताणून काढलेला अर्थ नव्हे. पण आपण ती हदीस ऐकतो आणि चर्चा करतो बोकडाचे दात किती, वजन किती, भाव किती याची. दात बघायला चार माणसे तोंड उघडून डोकावतात. सुरी बघायला कुणी येत नाही.

ज्यूंमध्ये शोहेत, म्हणजे त्यांच्या पद्धतीने जनावर कापणारा माणूस, आपली सुरी प्रत्येक वेळी आधी आणि नंतर नखावरून फिरवून तपासतो. धारेत बारीकशी खाच सापडली तरी ती सुरी चालत नाही. कापल्यानंतर खाच सापडली तर त्या मांसाचाच प्रश्न उभा राहतो. हे उदाहरण दिले की आपल्याकडे काही लोक नाराज होतात. व्हावे. त्यांनी तपासणीला धर्माच्या नियमात बसवले, आपण ती माणसाच्या सवडीवर सोडली. आणि सवड ईदच्या सकाळी कुणालाच नसते.

तरी अभिमान मात्र आपल्याला दमास्कसच्या तलवारीचा. दख्खनच्या मुशीतले पोलाद अरबस्तान-इराणपर्यंत गेले, हे खरेच आहे. पण त्या पोलादाचे पोवाडे गाणाऱ्या घरातल्या सुरीने टोमॅटो चेपतो, हेही खरे आहे. शिकलगार हा शब्द ज्या 'सैकल'वरून आला त्याचा अर्थ घासून झिलई देणे. महाराष्ट्रात गावोगाव शिकलगार मुसलमान आहेत, पिढ्यान्‌पिढ्या धार लावणारे. त्यांच्या मुलांनी हा धंदा सोडला तर दोष त्यांचा नाही. धार लावायचे वीस रुपये सांगितले की आपणच दहावर घासाघीस करतो. मग तो कोरड्या एमरीच्या चाकावर दोन मिनिटांत ठिणग्या उडवून देतो. धार तापून निळी पडते, पोलादाचे पाणी उतरते, आणि ती धार दुसऱ्या बोकडापर्यंतही टिकत नाही. ओल्या दगडावर तेच काम अर्ध्या तासाचे आहे. अर्ध्या तासाचे पैसे कोण देतो?

एक अडचण मान्य करतो. आपल्या देशात मुसलमानाच्या हातातली सुरी ही साधी सुरी राहिलेली नाही. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते येते. घरगुती, शेतीची, कारखान्याची आणि शास्त्रीय कामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत, पण रस्त्यात अडवल्यावर ती वगळणूक समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. ईदच्या आठवड्यात धार लावायला सुरी नेणारा माणूस ती वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत खाली घालून, वर कोथिंबीर ठेवतो. मी स्वतः ठेवली आहे. या भीतीमुळेही माणसे पाकिटातली नवी सुरी घेऊन मोकळी होतात. म्हणून माझे म्हणणे असे की हे काम एकेकट्याने करायचे नाही. जमातीने करावे. ईदच्या आधीच्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या शिकलगाराला मशिदीच्या आवारात बसवावे, त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी, आणि तपासल्याशिवाय एकही सुरी कुर्बानीला वापरू नये. चामड्याच्या पैशाचा हिशेब जमात ठेवते, धारेचाही ठेवू शकते. नियत साफ असली की पुरे, असे मला एका बुजुर्गांनी सुनावले. नियत आपली असते, मान त्या जनावराची.

यंदा मी एवढेच केले. आमच्या भागातल्या शिकलगार चाचांकडे गेलो, त्यांच्या पत्र्याच्या शेडच्या आडव्या बांबूला काथ्याचा दोर टांगला आणि अब्बांच्या वेळची, घरात मानाने ठेवलेली सुरी काढली. चाचांनी आधी ती नखावर टेकवून बघितली आणि काही बोलले नाहीत. मी वार केला. दोर बाजूला गेला, झोका घेऊन परत आला आणि माझ्या मनगटाला लागला. चाचांची नात हसली. मग चाचांनी स्वतःची, झिजून अर्धी उरलेली सुरी घेतली आणि उभे न राहता, बसल्या जागेवरून हात फिरवला. दोराचा तुकडा माझ्या चपलेवर पडला.

अब्बांची सुरी तिथेच ठेवून आलो. पाठ जाड आहे, पोलाद चांगले आहे, धारेजवळ फार मांस ठेवलंय, तीन दिवस लागतील, असे ते म्हणाले. पैसे विचारले तर म्हणाले, "पहले काट के देखो."