साक्षीदारालाच आरोपी करू नका

रोग्यांची नावे व पत्ते जाहीर करा, म्हणजे लोक सावध होतील, असे म्हणणारे सज्जन कोविडच्या काळात आपल्यांतही होते. मार्च २०२० मध्ये कर्नाटक सरकारने गृहविलगीकरणातील लोकांचे पत्तेच प्रसिद्ध केले. हा मार्ग आम्हांस साफ अमान्य आहे.

कोविडचा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच सुमारे दोन दिवस दुसऱ्यास बाधू शकतो. म्हणून त्या दिवसांत रोगी कोठे गेला, कोणास भेटला, हे त्याच्याच तोंडून कळावे लागते. न्यायालयात साक्षीदाराचे जे स्थान, तेच येथे रोग्याचे. साक्षीदारास धाक बसला की खटला बुडतो. एक यादी चव्हाट्यावर आली की पुढची दहा तोंडे मिटतात.

गोव्यातील सातही रोगी एप्रिल २०२० मध्ये बरे झाले, तेव्हा आपण निर्धास्त झालो. १ जूनला वास्कोचे मांगोर हिल प्रतिबंधित क्षेत्र ठरले. तरी संसर्ग टेकडी उतरून गावोगाव गेलाच. ज्याचा उगम सांगता येत नाही, तो सामाजिक संसर्ग. परंतु सांगणाऱ्याची वाचा कित्येकदा आपणच बंद केली, हे कबूल कोण करणार?

सात पिढ्यांची नावे घडाघडा सांगणारे आपण! देवळातील पंगतीत शेजारी कोण होते हे सांगताना अडखळलो, ते विस्मरणाने नव्हे, बहिष्काराच्या भयाने. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. पुढची साथ येण्यापूर्वी प्रत्येक देवस्थानच्या महाजनांनी एवढे तरी ठरवावे: खरे सांगणाऱ्याची पंगतीतली जागा जाणार नाही.