‘सुकलेल्या’ नसेची आशा

हाताची नस तुटली तर शस्त्रक्रियेने जोडता येते. तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात आणि काही महिन्यांनी बोटांना स्पर्श कळू लागतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तसे नाही. अपघाताने किंवा काचबिंदूने तिच्या १० लाखांहून अधिक तंतूंपैकी जे गेले, ते गेलेच. ‘नस सुकली’ हे डॉक्टरांचे वाक्य म्हणूनच घरादाराला हादरवते.

मासे आणि बेडकांमध्ये मात्र हीच नस पुन्हा वाढते. आपल्यात ती का वाढत नाही, याचे बरेचसे उत्तर पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनांत आहे. नसेच्या आवरणातले ‘नोगो’ हे प्रथिन वाढीला बाहेरून अडवते, तर पेशीतले ‘पीटेन’ आतून लगाम खेचते. २००८ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांतले पीटेनचे जनुक काढले, तेव्हा इजा झालेले काही तंतू पुन्हा वाढू लागले. पण हाच लगाम कर्करोगालाही आवरून धरतो. ‘डीएलके’ची तऱ्हा आणखी वेगळी. इजेची वर्दी पेशीला देणारे हे प्रथिन रोखले तर जास्त पेशी जगतात, पण तंतूंची नवी वाढही खुंटते. म्हणजे मारणारा आणि उभारी देणारा निरोप्या एकच! शिवाय वाढलेला तंतू मेंदूत योग्य ठिकाणी पोहोचला नाही, तर दृष्टी येत नाही.

विज्ञान पुढे सरकते आहे, पण उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब आहे. याच अंतरात आशेचा बाजार मांडला जातो. ‘मूलपेशींनी सुकलेली नस जिवंत करू’ अशा जाहिरातींना भुलून कुटुंबे कर्ज काढतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वापराला मान्यताप्राप्त चाचण्यांबाहेर जागा नाही. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील, तर तिथूनच मागे फिरावे. अशा जाहिरातींवर कारवाई करणे हे सरकारचे काम आहे.

आज हातात आहे ते नस वाचवणे. काचबिंदू बहुधा न दुखता नजर खातो. चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला असेल तर त्याआधीच, डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नयेत. गेलेले तंतू परत आणणारे औषध येईल तेव्हा येईल; उरलेले राखणारे थेंब आजही मिळतात.