एचआरच्या टेबलामागची खुर्ची

भाचीने बीबीएला एचआर विषय घेतला तेव्हा लोणावळ्याच्या घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. "हजेरी लिहायला पदवी कशाला लागते?" असं भाईजान म्हणाले. घरातला इंजिनीअर मी, म्हणून शेवटचा शब्द माझ्यावर आला. मीही मान डोलावली आणि तिला सांगितलं, "अजून वेळ आहे, कॉम्प्युटर घे."

तिने ऐकलं नाही, हे फार बरं झालं.

आपल्या मोहल्ल्यांत मुलाने तीनच गोष्टी व्हायच्या असतात: डॉक्टर, इंजिनीअर, नाहीतर सरकारी नोकर. देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत लोकलच्या डब्यात बघा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली आपली पोरं फायली मांडीवर घेऊन तळेगाव एमआयडीसीला निघालेली दिसतील. आपण त्यांना उत्तम उमेदवार व्हायला शिकवलं. त्यांचा अर्ज पहिल्यांदा हातात घेणारा माणूस कोण, तो काय बघतो, कशावरून बाजूला ठेवतो, हे मात्र कुणालाच माहीत नाही, कारण त्या खुर्चीवर आपल्यातलं कुणी बसलेलंच नसतं.

भाची इंटर्न म्हणून त्या खुर्चीजवळ पोहोचली. मावळातलीच एक कंपनी, आठ आठवडे, स्टायपेंड शून्य. (केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत २०२४ मध्ये महिना ५,००० रुपये होते, राज्याच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ६,००० ते १०,०००. पण तेव्हा दोन्ही योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हत्या. कॉलेजच्या क्रेडिटसाठी राबणाऱ्या पोरीने पासचे पैसेही घरूनच आणायचे. यावर वेगळा लेख व्हायला हवा.) तिसऱ्या दिवशी तिला ट्रेनी पदाच्या अर्जांचा गठ्ठा मिळाला. एक्सेलमध्ये नाव, गाव, शिक्षण, घरची पार्श्वभूमी भरायची आणि शेवटच्या रकान्यात "फिट" किंवा "नॉट फिट". फिट म्हणजे काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, "कळेल तुला हळूहळू."

नमुना म्हणून तिला मागच्या भरतीची फाइल दिली होती. त्यात आपल्या नावांपुढे काय लिहिलंय ते तिने बघितलं. अंदर मावळातल्या पोरांपुढे काय लिहिलंय तेही बघितलं. रात्री फोन करून म्हणाली, "मामू, मी काय भरू?"

एका फाइलवरून मी कुणावर आरोप करणार नाही. पण हा प्रश्न एका फाइलपुरता नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५-०६ मध्ये खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी होती, फरक फक्त नावांचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघालं, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं ते सांगत होते आणि त्याच दमात उमेदवाराची "कौटुंबिक पार्श्वभूमी" महत्त्वाची असल्याचंही सांगत होते. कातकरी पोराची पार्श्वभूमी काय असणार? खंडाळ्यात चिक्की विकणाऱ्याच्या मुलीची काय असणार? हा रकाना आपल्याला वगळतो, तसा त्यांनाही वगळतो. म्हणून हे फक्त "आपलं" गाऱ्हाणं नाही.

आता मे २०१५ आठवा. मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीकडे एमबीए झालेल्या तरुणाने अर्ज केला. काही मिनिटांत उत्तर आलं, आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो. बोंब झाली, गुन्हा नोंदवला गेला. कंपनीचं स्पष्टीकरण काय? एचआरमधल्या ट्रेनीची चूक. म्हणजे वर्षानुवर्षं तोंडी चालत आलेलं कुणीतरी भाबडेपणाने लिहून टाकलं असेल, तरी बळी द्यायला सगळ्यात खालची खुर्ची तयारच असते. भाची त्याच खुर्चीवर बसली होती.

आणि मी तिला काय सांगितलं? "भर गं, सर्टिफिकेट घे आणि बाहेर पड."

याची लाज मला वाटते, आणि तिला जुनं कारण आहे. मी दोन वर्षं भरतीच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय. एका ग्राहकाला पिनकोडवरून अर्ज गाळायचे होते. मी फिल्टर लिहिला, टेस्ट पास झाल्या, रिलीज झालं. कोणते पिनकोड, हे मी विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही असंही नाही. प्रमोशनचं वर्ष होतं.

भाचीने दुसऱ्या दिवशी मॅडमना अदबीने विचारलं, "फिट कशावरून ठरवायचं, ते मेलवर लिहून द्याल का? म्हणजे माझी चूक होणार नाही." मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तो रकाना रिकामा ठेव." तिने तो रिकामा ठेवला. पुढे तो कुणी भरला, तिला माहीत नाही.

"भेदभाव आहेच, अर्ज कशाला करायचा" म्हणणारे मित्र आणि "भेदभाव नाहीच, आपलीच पोरं कमी पडतात" म्हणणारे भाईजान, दोघांनाही ही फाइल बघायची नसते. खासगी नोकरीत धर्मावरून डावलण्याविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला होता, तो अजून झालेला नाही. तो मागत राहूच. पण तोवर "हे लेखी द्या" म्हणणारी माणसं त्या खोलीत हवीत, आणि ती बीबीए, एमएसडब्ल्यू, कामगार कायद्याचा डिप्लोमा करूनच तिथे पोहोचतात.

कुणी म्हणेल, आपला माणूस आत गेला की आपल्यांना घेईल. तसं करणार असाल तर कृपया जाऊ नका. वशिल्याचा आणखी एक रकाना कुणालाच नकोय.

भाचीचे अजून पाच आठवडे बाकी आहेत. या आठवड्यात तिला कंत्राटी कामगारांच्या पीएफच्या नोंदी तपासायला दिल्यात. परवा भाईजाननी तिला हळूच विचारलं, त्यांच्या गॅरेजमधल्या पोराचा पीएफ कापून घेतात, तो भरला जातो की नाही हे कुठे कळतं?