पाठीचा कणा आणि पुराव्याचा कागद

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या भिवंडीच्या घरीं भेटीस आला. नमस्कारासाठीं वांकतांना त्याच्या तोंडून कळ उमटली. सैन्यांत बावीस वर्षें काढून २०१९ सालीं तो निवृत्त झाला. उजवा खांदा वर होत नाहीं, कमरेच्या मणक्यांमधील चकती सरकलेली. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज केलास काय, असें आम्हीं विचारलें. "गुरुजी, हातपाय शाबूत असतां भीक कशी मागूं?" हें त्याचें उत्तर.

त्याचा स्वाभिमान आम्हांस आवडला. विचार पटला नाहीं. जें सेवेंत झिजलें त्याची भरपाई ही भीक नव्हे. गोळीचा व्रण सर्वांस दिसतो. ओझें वाहून झिजलेला मणका कोणास दिसत नाहीं. म्हणून वैद्यकीय मंडळापुढें प्रश्न दोन असतात: दुखणें नोकरीमुळें जडलें किंवा वाढलें काय, आणि अपंगत्व शेंकडा किती? सामान्यतः तें शेंकडा २० तरी असावें लागतें.

धरमवीर सिंग या शिपायास फेंफऱ्यामुळें शेंकडा २० अपंगत्व ठरवून सैन्यांतून मुक्त केलें, आणि रोग नोकरीचा नव्हे म्हणून हें वेतन नाकारलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं, १९८२ च्या नियमांस अनुसरून, निर्णय दिला कीं भरतीच्या वेळीं ज्या रोगाची नोंद नाहीं तो सेवेंत जडला असें मानावें. उलट म्हणणाऱ्या मंडळानें कारणें द्यावीं. नैयायिकांच्या भाषेंत, सिद्धतेचा भार शिपायावर नाहीं. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांस मात्र नवे नियम लागू आहेत. ते त्यांनीं आधीं पाहावे.

परंतु नोंदीवांचून गाडें अडतें. खांदा निखळला त्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्यानें, एवढ्यासाठीं रुग्णालय कशाला, म्हणून तेल चोळून वेळ निभावली! खांद्याचा एकही कागद नाहीं, पाठीचे आहेत. तेच तारीखवार लावून आम्हीं त्यास अर्ज लिहून दिला व ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत सल्ला घेण्यास सांगितलें. अर्ज नाकारला गेल्यास अपील आहे, आणि त्यापुढें २००७ च्या कायद्यानें स्थापिलेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचें पीठ मुंबईंतही बसतें.

ज्या वाचकांचे मुलगे सैन्यांत आहेत त्यांस आमची एवढीच विनंति: दुखापत सोसण्यास मुलास शिकविलेंच आहे, तिची नोंद करवून घेण्यासही शिकवावें.