खेळणं की खेळणं?

एक कोडं घालतो. ‘खेळणं’ म्हणजे काय? कुणी म्हणेल भोवरा, बाहुली, चावीची गाडी. कुणी म्हणेल, छे, खेळणं म्हणजे मैदानावर हुंदडणं! दोघंही बरोबर. वस्तूही खेळणं आणि क्रियाही खेळणं. या दोन अर्थांच्या मध्ये जपानची एक बडी कंपनी कशी अडकली, त्याचीच आज गोष्ट.

कंपनीचं नाव निन्टेन्डो. १८८९ साली क्योटो शहरात सुरू झाली ती चक्क पत्ते बनवण्यासाठी! मारिओबुवा फार नंतरचे. २००२ साली सातोरु इवाता तिचे अध्यक्ष झाले. हे गृहस्थ मूळचे प्रोग्रामर, त्यामुळे दुखणं कुठं आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. गेम अवघड होत चालले होते, कंट्रोलरवर बटणंच बटणं. खेळणारे तेच ते. नवं कुणी फिरकेना. निन्टेन्डोचा तेव्हाचा कन्सोल, गेमक्यूब, खपला एकूण २ कोटी १७ लाख. सोनीचा प्लेस्टेशन २ त्याच्या सातपट! मग इवातांनी ठरवलं, जे खेळतच नाहीत त्यांनाच गाठायचं.

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ‘वी’ आला. हातात टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी. ती रॅकेटसारखी फिरवली की पडद्यावर टेनिसचा फटका! कांडीत हालचालीचा वेग कसा बदलतो ते ओळखणारी चिप होती आणि पुढच्या टोकाला छोटा कॅमेरा. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत, पण तिला कळत काहीच नसे, बरं का! तिच्यात नुसते न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे. पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या ठेवूनही काही जणांनी काम भागवलं होतं. (तुम्ही नका करू, टीव्ही बाबांचा आहे.) लोक इतक्या जोरात हात फिरवू लागले, की मनगटाची दोरी तुटून कांड्या भिरभिरत टीव्हीवर आपटल्या. महिन्याभरातच कंपनीला सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी करावी लागली!

अमेरिकेत, युरोपात कन्सोलबरोबर ‘वी स्पोर्ट्‌स’ हा गेम मिळायचा. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत आजी-आजोबांच्या बोलिंगच्या स्पर्धा रंगल्या. ‘वी’ खपला १० कोटी १६ लाख. इवाता जिंकले!

मग २०१२ साली आला ‘वी यू’. दहा कोटी लोक रांग लावतील असं तुम्हाला वाटेल. खपला १ कोटी ३५ लाख. बाकीचे गेले कुठे?

नावाने थोडा घोळ घातला, हे खरं. जुन्या ‘वी’ला लावायचा हा नवा जोडपट्टा असेल, असंच पुष्कळांना वाटलं. शिवाय मधल्या काळात, २००७ मध्ये आयफोन आला. घटकाभर करमणूक खिशातच मिळू लागली, तीसुद्धा फुकट किंवा स्वस्तात. पण माझ्या मते खरी गोम वेगळीच. त्या आजींनी कन्सोल घेतलाच नव्हता, त्यांनी बोलिंग घेतलं होतं. ते घरी होतंच. मग दुसरं यंत्र कशाला?

‘नवखे लोक टिकत नाहीत’ असं लगेच ठोकून देऊ नका मात्र. ‘वी’साठी एकूण ९२ कोटी गेम विकले गेले, म्हणजे एका यंत्रामागे सरासरी नऊ! पण सरासरी भारी लबाड असते. एका घरात अठरा आणि दुसऱ्या घरात शून्य, तरी सरासरी नऊच. म्हणजे बोलिंगवर थांबलेले होते आणि पुढे निघालेलेही होते. ‘मारिओ कार्ट वी’ ३ कोटी ७० लाखांच्या आसपास खपला. बरोबर प्लॅस्टिकचं स्टिअरिंग मिळे. बटणांची भीती नाही, पण जिंकायचं तर वळणं पाठ करावी लागतात. असा गेम हातात आला की माणूस हळूच अडकतो.

आता गंमत पाहा. ‘मारिओ कार्ट ८’ हा गेम ‘वी यू’वर ८४ लाखच खपला. तोच गेम थोडी भर घालून २०१७ मध्ये ‘स्विच’ या नव्या कन्सोलवर आला आणि ६ कोटींच्या वर गेला! गेममध्ये खोट नव्हतीच. स्विच १५ कोटींहून जास्त खपला. घेणारे कोण? माझा आपला अंदाज आहे, की त्यांच्यात २००७ साली आजीशेजारी उभं राहून ‘आता माझी पाळी’ म्हणणारी नातवंडं पुष्कळ असावीत. आजी खेळणं बाजूला ठेवून गेली, नातू खेळत राहिला. इवातांना हे पाहायला मिळालं नाही. जुलै २०१५ मध्ये ते वारले.

आता तुम्हाला एक काम. १९९०च्या दशकात आपल्याकडे बऱ्याच घरांत टीव्हीला जोडायचा, कॅसेटवाला व्हिडिओ गेम असे. तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्याच १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल असायचा. आई, बाबा, मामा, काका यांना विचारा, पुढे काय खेळलात? थांबलात तर कशामुळे? उत्तरं पत्राने कळवा. ‘मी कॉन्ट्रा पूर्ण केला होता’ असं सांगणारे मामा घरोघरी निघतील. त्यांना शेवटी काय होतं, तेही जरा विचारून घ्या!