डबल ओटी, पण कशाच्या दुप्पट?

चाकण, वाळूज किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात 'ओटी कसा देता?' असं विचारलं, तर उत्तर एका शब्दात येतं: सिंगल किंवा डबल. डबल देणारा मालक ताठ मानेनं सांगतो आणि आपण कायदा पाळतो अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पुढचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. डबल, पण कोणत्या रकमेच्या?

आकडे मांडून पाहू. कामगाराचा पगार महिना 20,800 रुपये. 26 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 208 तास. तासाला 100 रुपये पडले, जादा तासाचे 200 व्हायला हवेत. पण पगारपत्रकात याच पगाराचे दोन भाग असतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 10,400, आणि उरलेले 10,400 घरभाडं, प्रवास वगैरे भत्त्यांचे. ओटी काढताना नुसता पहिला आकडा धरला, की तासाचा दर होतो 50 आणि त्याची दुप्पट 100. आठव्या तासाला 100 रुपये कमावणारा माणूस अंग मोडून आलेलं असताना नवव्या तासालाही तेवढेच कमावतो. स्लिपवर डबल, हातात सिंगल.

1948 च्या कारखाने कायद्यात याला जागा नव्हती. कलम 59 नुसार दुप्पट दर काढताना मूळ वेतनात भत्तेही मिळवायचे होते. वगळायचा होता तो बोनस आणि ओव्हरटाइमची रक्कम. कित्येक कारखान्यांनी तरीही फक्त बेसिक धरलं, पण कामगाराला त्याविरुद्ध दाद मागता येत होती. 21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हिशेबाचा पायाच बदलला. आता वेतन म्हणजे मूळ वेतन, महागाई भत्ता आणि असल्यास रिटेनिंग भत्ता. घरभाडं, प्रवासभत्ता असे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरायची.

या व्याख्येचं स्वागत झालं आणि ते रास्तही होतं. बेसिक कमी दाखवून भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी वाचवण्याची सवय त्यामुळे मोडेल. पण जादा तासांच्या बाबतीत हीच व्याख्या कामगाराच्या उलट जाते. वरच्या उदाहरणातल्या माणसाला जुन्या कायद्यानं 200 रुपये द्यावे लागत. नव्या व्याख्येवर बोट ठेवून 100 देता येतील. कायद्यात शब्द तोच राहिला, दुप्पट. रक्कम निम्मी झाली. मला हे साफ नामंजूर आहे.

दुप्पट दर ठेवला तो जादा तास महाग पडावा म्हणून. महाग पडला की मालक आणखी माणसं घेण्याचा विचार करतो आणि मशीनवरच्या माणसाला वेळेवर घरी जाता येतं. दर सिंगलवर आला, की आहे त्याच माणसाला थांबवून घेणं सगळ्यात स्वस्त. एप्रिल 2020 मध्ये गुजरात सरकारनं कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधाच दर अशी सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं 1 ऑक्टोबर 2020 ला ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातला ओव्हरटाइम कायद्याच्या दरानं द्यायला लावला. कोविडच्या संकटातही जे न्यायालयानं चालू दिलं नाही, ते पगारपत्रकाच्या दोन रकान्यांतून आत येऊ नये.

महाराष्ट्रात तर हा प्रश्न आणखी जवळचा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा 115 वरून 144 तास करायला मंजुरी दिली, कामगाराच्या लेखी संमतीच्या अटीवर. तासामागे 100 रुपयांचा फरक धरला, तर 144 तासांचे 14,400 होतात. एका तिमाहीत, एका कामगाराचे.

लहान उद्योजकाची ओढाताण मला ठाऊक आहे. मोठी कंपनी बिल महिनोन्महिने अडकवून ठेवते, डिलिव्हरीची तारीख मात्र हलत नाही. तरीही त्या ओढाताणीचा बोजा मशीनवरच्या माणसावर टाकणं न्यायाचं नाही, आणि धोक्याचंही आहे. आजवर पूर्ण पगारावर ओटी देत असाल, तर एका सर्क्युलरनं तो बेसिकवर आणता येणार नाही. सेवाशर्तींत असा बदल करायचा, तर औद्योगिक संबंध संहितेनुसार आधी 21 दिवसांची नोटीस लागते.

व्हाउचरवर रोख ओटी देणाऱ्यांनी तर जास्तच सावध व्हावं. पूर्वी वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिन्यांत आणि किमान वेतन कायद्याखाली सहा महिन्यांत दावा करावा लागे. वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षं आहे. देय रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते. आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं मालकानं. मस्टरवर आठ तास, प्रत्यक्षात बारा, आणि मधले चार कच्च्या वहीत, असा कारभार असेल तर दाखवणार काय?

ठेकेदाराच्या माणसांचंही तेच. ठेकेदारानं पैसे दिले नाहीत तर जबाबदारी कंपनीवर येते, हे संहितेत स्पष्ट आहे. म्हणून या महिन्याचं बिल पास करण्याआधी त्याच्याकडून प्रत्येक कामगाराचं ओटीचं पत्रक मागवा, तासाचा दर कोणत्या रकमेवर काढलाय ते स्वतः पाहा, आणि तो पूर्ण पगारावर नसेल तर दुरुस्त करून आणायला सांगा.